वर बघितलं तर एकच बोट

मंगळवार, दिवेलागणीला

लिही गं मनाली, मी सांगते तसं, तुझ्या आजीच्या वहीत. कळंबला कबड्डी खेळताना कोपर लागून तुझ्या डोळ्याखालचं हाड मोडलं, पण डोळा पुरीसारखा फुगवला तो मीच. नाकातून रक्त आलं म्हणून म्हणाले, "शिंकर जोरात!" नाकातली हवा मोडक्या हाडातून डोळ्याकडं जाते, हे मला काय ठाऊक? ऑपरेशन करून तिथं पातळ जाळी बसवली, तरी वर बघितलं की तुला सगळं दोन-दोन दिसायचं. आणि मला ते माझं 'शिंकर' आठवायचं.

आज कर्जतला डॉक्टरीणबाईंनी बोट वर नेलं. "किती दिसतात?"

तू मान न हलवता नजर वर नेलीस. माझा जीव टांगणीला.

"एकच हाय!"

मी अशी ओरडले की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

"आजी, हाड तुमचं मोडलं होतं की हिचं?" बाई हसत सुटल्या.

मग म्हणाल्या, कबड्डी अजून तीन महिने बंद.

का गं, पेन का थांबलं? मला वाचता येत नाय, पण कागदावरची खरखर ऐकू येते. लिही ते. आता वाचून दाखव. सगळं नको, कबड्डीचं तेवढंच.