धणे कुणी भाजले

काका, तुमचा फोटो बिअरच्या कॅनवर छापायचं चाललं होतं, आणि कॅनमधली बिअर माझी आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आयसेलिनमधल्या तुमच्या गॅरेजमध्ये आता दुसऱ्याच कुणाच्या मुलांच्या सायकली असतात. राग मात्र माझ्याकडे राहिला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. जिवंत होतात तेव्हा तुम्ही तरी कुठे रागावू दिलंत?

मी नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. काम करायची परवानगी नव्हती. नागपूरला कॉलेजात साहित्य शिकवत होते. इथे लीज, बँक, गाडी सगळं त्याच्या नावावर, आणि मी त्या कागदांवर ‘डिपेंडंट’. शेजारच्या काकूंनी पोहे खायला बोलावलं म्हणून तुमच्या स्वयंपाकघरात आले. तिथलं एक दार गॅरेजमध्ये उघडायचं. त्यातून सातूच्या पिठासारखा वास येत होता. मी विचारलं काय शिजतंय, तर काकू म्हणाल्या, “बिअर. आत जायचं तर आधी हात धू. या माणसाने स्वयंपाकघरात कधी सोवळं पाळलं नाही, गॅरेजमध्ये पाळतो.” खरंच पाळत होतात. पातेलं, नळी, डाव, सगळं जंतुनाशक पाण्यातून काढलेलं. रिटायर झालेले केमिकल इंजिनिअर, पांढरा एप्रन, आणि भिंतीवर इंटरनेटवरून छापून चिकटवलेली पाककृती.

तुम्ही मला शिकवलंत, हे मी नाकारत नाही. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, किती गरम पाण्यात भिजवायचं, होप्सची कडू फुलं कधी टाकायची, यीस्ट जागं झालं हे कशावरून ओळखायचं. आणि सगळ्यांत आधी हे, की पाककृतीत काहीही बदलायचं नाही. “आधी नक्कल कर. शंभर वेळा कर. ओरिजिनॅलिटी हा आळशी लोकांचा धंदा आहे.” मी हसले तर म्हणालात, “तुम्ही साहित्यवाले. प्रत्येक गोष्टीत स्वतःचं काहीतरी घातल्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही.”

मग ती बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर. संत्र्याची साल आणि धणे. धणे ठेचून उकळीच्या शेवटी टाका, एवढंच कागदावर होतं. मी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून धणे आणले, आत गेले, कढई तापवली आणि भाजले. विचार करून नाही. धणे कुटायचे तर आधी भाजायचे, हे हाताला माहीत होतं. गॅरेजमध्ये घेऊन आले तर तुम्हाला वास आला.

“भाजलेस?”

“हो. का?”

“कुठे लिहिलंय भाजा म्हणून? दाखव. बोट ठेवून दाखव.” मी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. “आमटी करतेयस का तू? बेल्जियममधला कुठला माणूस कढई घेऊन बसलाय?” काकू दारात उभ्या होत्या. मी ती बिअर माझ्या अपार्टमेंटमधल्या कपाटात बाटल्यांत भरून ठेवली. पहिली बाटली उघडली तेव्हा या देशात पहिल्यांदा मला वाटलं, हे मी केलं आहे. एक बाटली तुम्हाला आणून दिली. तुम्ही अर्धा ग्लास प्यायलात आणि म्हणालात, “चुकलेली आहे, पण पिता येते.”

पुढचा उन्हाळा. घरी बिअर करणाऱ्यांच्या तुमच्या होमब्रू क्लबची स्पर्धा, फायरहाऊसचा हॉल. मी कागदी पेले मांडते आहे. परीक्षक बाई तुमची बिअर दुसऱ्यांदा चाखते, डोळे मिटते, विचारते की यात हे खमंग काय आहे. मला वासावरूनच कळलेलं आहे. तुम्ही माझ्याकडे न बघता हसता आणि म्हणता, “फॅमिली सिक्रेट.” पहिल्या बक्षिसाची रिबन मिळते. टाळ्या वाजतात. मीही वाजवते, पेले खाली ठेवून.

परतताना गाडीत मी मागच्या सीटवर होते. म्हणाले, “काका, धणे भाजायचं माझं होतं.” तुम्ही आरशातून बघितलंत. “अगं, माझी आई जन्मभर धणे भाजत आली. तुझ्याकडून शिकायचं होय मी?” काकू हसल्या. तुम्ही पुढे म्हणालात, “आणि बाकीची पाककृती तरी तुझी होती का? बेल्जियन माणसाची. मग रडतेस कशाला?” मी रडत नव्हते. तुमच्या आईने धणे भाजले हे खरं आहे. माझ्याही आईने भाजले. पण त्या दोघींपैकी कुणी ते बिअरमध्ये टाकले नाहीत. तुम्ही तर मला टाकू नको म्हणालात. नक्कल करायला शिकवणाऱ्याने माझीच नक्कल केली, आणि नाव सांगायची वेळ आली तेव्हा घराण्याचं सांगितलं. हे मी तुम्हाला नीट शब्दांत ऐकवणार होते. हिवाळ्यात तुम्ही गेलात. भांडण अर्धवट टाकून जाण्याचा हक्क फक्त मेलेल्यांना असतो.

आता तुमच्या क्लबातल्या एका माणसाने ब्रूअरी काढली आहे. जुन्या सभासदांच्या बिअरी तो पुन्हा करणार आहे, आणि सुरुवात तुमच्यापासून. काकू मुलाकडे सनीव्हेलला असतात. त्यांचा फोन आला. “त्यांचा फोटो टाकणार आहेत गं डब्यावर. रेसिपी तुलाच येते. पाठवून दे.”

मी म्हणाले, “काकू, ती माझी आहे.”

त्या म्हणाल्या, “असेल गं. पण ते गेलेत ना.”

मेल्यावर माणसाला फुलं देतात, मान देतात. जिवंत बाईची बिअर कशी काय देतात? “तू काय, अजून दहा करशील,” त्या म्हणाल्या. मी दहा केल्या आहेत, काका. मला नोकरी आहे, घर आहे, कागदावर माझं नाव आहे. तरी मला हीच हवी. तेव्हा माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

ब्रूअरीवाल्याला मी स्पष्ट सांगितलं. कच्चे धणे घाला आणि काकांचा फोटो लावा. ती सगळ्यांची पाककृती आहे, त्यांचीही आहे. भाजून घालणार असाल तर फोटो नाही, माझं नाव. तो म्हणाला, लोकांना गोष्ट आवडते, गेलेल्या माणसाची तर जास्तच. मी म्हणाले, मग कच्चे घाला. त्याने दोन्ही प्रकारे करून पाहिली आणि आज सकाळी कळवलं की भाजलेल्यांचीच करणार, माझ्या नावाने. काकूंना मी फोनवर सांगितलं. “बरं,” एवढंच म्हणाल्या आणि सुनेच्या हातात फोन दिला.

मी जिंकले असं तुम्ही समजाल. तुम्हाला हे पाठवता आलं असतं तर इथेच थांबले असते. नाही पाठवता येत, म्हणून पुढचं लिहिते. मी तेव्हा धणे आमटीसाठी भाजतात तसे भाजले होते, पार तांबूस होईपर्यंत. बिअर घोटाच्या शेवटी कडवट लागायची. तुम्ही रंग बदलायच्या आत उतरवले असणार. रिबन मिळालेली ती बिअर माझ्या बिअरपेक्षा चांगली होती. त्यानंतर मी नेहमी तुमच्यासारखेच भाजत आले, आणि ब्रूअरीवाल्याला पाठवलेल्या पाककृतीत तसंच लिहिलं आहे.