हिरड्यांच्या रंगाचे पडदे

ती. सौ. मामीस,

भिंगरीचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त लिहिण्यापुरता. दिवसभर संगणकासमोर बसून पाठ अशी धरली आहे की खाली वाकले तर उचलायला माणसं बोलवावी लागतील.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या ताईंकडचा जिना चढताना मध्ये थांबतेस ना, की तिथेही सगळ्यांच्या पुढे धावतेस? इकडे सगळं व्यवस्थित आहे. मामा वेळेवर जेवतो, दुकान वेळेवर उघडतो, काळजीचं काही कारण नाही. पत्र लिहितेय ते केवळ तू फोन उचलत नाहीस म्हणून. तू त्याच्यावर रुसून गेलीस हे समजू शकते, पण भाचीचा फोन का उचलत नाहीस ते काही कळलं नाही.

तर, तू गेल्यावर मामाने दुकानाची वेबसाइट करायचं काम माझ्या गळ्यात घातलं. त्याची अट एकच, साइट उघडली की पडद्यावर पडदा दिसला पाहिजे आणि तो हळूहळू बाजूला सरकला पाहिजे. मी परोपरीने सांगितलं की हलत्या चित्रांनी काही माणसांना गरगरतं, आणि बाकीच्यांना तेवढा धीर नसतो. ऐकेल तर तो मामा कसला! केला पडदा. तो निम्म्यात अडकला. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी फोन करून विचारलं, दुकान बंद झालं का हो? तेव्हा कुठे तो पडदा उतरवला.

मी या कामात एक पथ्य पाळते, साइट सगळ्यांना वापरता आली पाहिजे. ज्याला दिसत नाही त्याला ती यंत्राने वाचून दाखवली पाहिजे, ज्याचा हात थरथरतो त्याला माउसशिवाय नुसत्या कीबोर्डवर चालवता आली पाहिजे. त्याचे नियम ठरलेले आहेत. मामा म्हणाला, ज्याला दिसतच नाही तो पडदे कशाला घेईल? मी म्हटलं, का, त्याच्या घरात ऊन येत नाही? मग मी त्याला समजावलं की मजकूर एका जागी लिहायचा आणि रंग, आकार, मांडणी हे सगळं दुसऱ्या फाइलीत ठेवायचं, तिला सीएसएस म्हणतात. तर म्हणतो, म्हणजे खिडकी वेगळी आणि पडदा वेगळा, पडदा धुवायला काढला म्हणून खिडकी काही पडत नाही. (हे मला शिकताना कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं असतं तर बरीच डोकेदुखी वाचली असती.)

आता माझा गाढवपणा ऐक. साइटसाठी कापडांचे फोटो हवे होते. मामा कुणाकडे तरी खिडक्यांची मापं घ्यायला गेला होता. मी फळ्यांवरचे सगळे तागे खाली काढले, एकेकाचा फोटो घेतला आणि परत लावताना म्हटलं, जरा नीटनेटके लावू. उंच मागे, बुटके पुढे. काय सुरेख दिसत होतं! मामा आला, फळ्यांकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, छान. मामी, तू तिथे असतीस तर किंचाळली असतीस. मला मेलीला काय ठाऊक की तू ते तागे कसे लावले होतेस आणि का लावले होतेस!

त्याच आठवड्यात दातांची डॉक्टरीण आली. तिला दवाखान्यासाठी मनाला शांत वाटेल असा फिकट हिरवा हवा होता. हिरवे नेहमी भिंतीकडच्या कोपऱ्यात असायचे, मामाने सवयीने तिथलाच तागा काढला, कापून शिवायला दिला आणि दवाखान्यात नेऊन पडदे टांगूनही टाकले. डॉक्टरीण तेव्हा आत कुणाचा तरी दात उपटत होती. ती बाहेर आली आणि तिने फोन लावला. मामी, ते पडदे गुलाबी होते. साधे गुलाबी नव्हेत, अगदी हिरड्यांच्या रंगाचे. पेशंट म्हणे आ करून एकदा पडद्याकडे, एकदा आरशात बघत होते. आणि मामा फोनवर तिला ठासून सांगतोय, बाई, हिरव्यात याहून शांत हिरवा मिळायचा नाही! दिवसभर लोकांच्या तोंडात यंत्रं घालणारी ती बाई, तिचीच बोलती बंद झाली. मामाने खापर दुकानातल्या दिव्यावर फोडलं. नवा दिवा लावला, आणि त्याच्या लख्ख उजेडात एका आजोबांना राखाडी म्हणून पुन्हा गुलाबीच दिला.

मला तरीही उमजलं नाही. उमजलं ते असं. साइट तयार झाली की मी एक तपासणी करते. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांना आपलं पान कसं दिसेल, ते एक साधन दाखवतं. मी मामाला हौसेने शेजारी बसवलं, डावीकडे आपलं खरं रंगीत पान ठेवलं, उजवीकडे ते तपासणीचं, आणि विचारलं, बघ किती फरक पडतो! मामाने चष्मा पुसला, वाकून इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाला, कसला फरक? दोन्ही सारखीच तर आहेत.

मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला काय ते कळलं. उठला आणि आधीच घडी घातलेलं कापड उलगडून पुन्हा घडी घालत बसला. मला एकदम तुझा आवाज आठवला, 'अहो, तो काढा ना, कोवळ्या काकडीसारखा, डावीकडून दुसरा!' तुझ्या त्या भाजीबाजाराला आम्ही सगळे किती हसायचो. इतकी वर्षं तू गिऱ्हाइकाला नाही, त्याला रंग सांगत होतीस. आणि त्याच माणसाने भर दुकानात, चार लोकांदेखत तुला म्हणावं, 'तुला काय कळतं पडद्यातलं?' मला असा संताप आला की मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. (तोही बोलला नाही, त्यामुळे माझा राग त्याच्या ध्यानात आला की नाही कोण जाणे.) पण खरं सांगू, वाईटही फार वाटलं. जन्मभर रंग विकायचे आणि आपल्याला ते दिसत नाहीत हे कुणाला कळू द्यायचं नाही, म्हणजे रोज केवढी भीती!

असो. आमचा एक नियमच आहे की कुठलीही गोष्ट नुसत्या रंगाने सांगायची नाही, शब्दांतही लिहायची. मग प्रत्येक कापडाखाली रंगाचं नाव घातलं. आधी मी ऐटीत 'धूसर सायंकाळ' वगैरे लिहिलं होतं. मामा म्हणाला, सायंकाळ कुठल्या रंगाची असते ते आधी सांग. आता तिथे 'निळसर राखाडी' आहे. पांढऱ्यावर फिक्या करड्या अक्षरांतला माझा आवडता मजकूर बघून म्हणाला, हे पाण्याने लिहिलंस का? तीही ठळक, काळी केली. माउस तर गल्ल्यावर पसरलेल्या कापडाखाली सारखा हरवतो, म्हणून सगळं कीबोर्डवर. प्रत्येक ताग्याला नंबराची चिठ्ठी लावली, तो नंबर टाकायचा की खाली येतं, 'फिकट हिरवा, बारीक पानांची नक्षी'. परवा डॉक्टरीण पुन्हा आली. मामाने नंबर टाकला, वाचलं आणि बरोबर तागा काढला. तिने तो रस्त्यावर उन्हात नेऊन उलटसुलट बघितला आणि मगच घेतला. तेव्हा काळजीचं खरोखर काही कारण नाही.

तुझ्या ताईंना नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझी भाची,
भिंगरी

ता. क. साइटवर 'आमच्याविषयी' म्हणून पान आहे. त्यात मामाने स्वतः सांगून एक वाक्य घालायला लावलं, 'रंगांतलं सगळं मालकीणबाईंना कळतं.' म्हणाला, मथळ्यात घाल. मी सांगितलं, मथळे मोठं दिसावं म्हणून नसतात, त्यांना क्रम असतो. तर म्हणाला, मग क्रमाने पहिला घाल. घातलाय. तोंडाने 'चुकलं' म्हणेल अशी आशा ठेवू नकोस, तेवढी दुरुस्ती माझ्या हातात नाही.

ता. क. २. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगते. परत ये. आणि आल्यावर वरची नंबराची हकीकत तुला ठाऊक आहे असं दाखवू नकोस, कारण ती तुला कळवायची नाही असं मामाने मला बजावलंय. मी विचारलं, का रे? कापडावरून हात फिरवत म्हणाला, 'माझं तिच्यावाचून अडत नाही असं तिला वाटलं, तर ती कशाला परत येईल?' तेव्हा ये आणि त्याला रंग सांग. ठाऊक असला तरी तो ऐकून घेईल.