वेदिकेचे सुट्टीतले पारायण

हेब्बाळ, बेंगळूरु
२६ एप्रिल

तीर्थस्वरूप कस्तुराअक्कास बसवंताचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? देवाच्या कृपेने इकडे आम्ही तिघे ठीक आहोत, म्हणजे मी आणि सौम्या ठीक आहोत. वेदिका माझ्याशी बोलते, पण कामापुरते.

झाले ते असे. सुट्टी लागताना शाळेने चिठ्ठी पाठवली की मुलांना हलकेफुलके, आवडेल ते वाचू द्या. आता आपली ही नऊ वर्षांची पोर शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसे. तिला वेगळे काय सांगायचे होते? पण मला वाटले, वाचनाला शिस्त हवी. आणि वाचनाची शिस्त मला एकच ठाऊक, आपल्या घरच्या पोथीची. (गावच्या शाळेत पुस्तके होती, पण कपाटात, आणि किल्ली हेडमास्तरांकडे.) म्हणून मी ग्रंथालयातून माकडाच्या गोष्टींचे चित्रांचे पुस्तक आणले, पाटावर ठेवले आणि पारायण लावले. सकाळी आंघोळ, मग आसन, रोज तीन गोष्टी, मधे उठायचे नाही, बोलायचे नाही.

पहिल्या दिवशी तिने हौसेने संकल्पही सोडला. दुसऱ्या दिवशी माकड विहिरीत पडले तशी ती खो खो हसली, मी डोळे वटारले. तिसऱ्या दिवशी शेजारची यशश्री हाक मारत आली, ही उठली, पारायण मोडले. मी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करायला लावले. (आबांनी मला असेच लावले होते, तू साक्षीला आहेस.) असे ते माकड चार वेळा विहिरीत पडले. सौम्या म्हणाली, "स्वल्प सोडा की तिला." मी सोडले नाही. पाचव्यांदा वेदिकेने हात जोडून विचारले, "अप्पा, हे संपले की काय मिळते? पोथीत शेवटी लिहिलेले असते."

सौम्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "मिळते ना. पुस्तकांपासून कायमची सुटका."

तिचेच बोलणे खरे ठरले. गेले बारा दिवस पोर कशालाच हात लावत नाही. पुडीचा कागद चुरगळून टाकते. मी पाट उचलला, तिची माफी मागितली, आठ नवी पुस्तके आणली. ती विचारते, "आंघोळ करून ना?" अक्का, देवापुढे बसलो की हेच मनात येते. चांगले करायला गेलो आणि तिच्या हातातले एक सुख काढून घेतले.

दाजींना नमस्कार. तू औषध चुकवू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
बसवंत

ता. क. : ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलेच. तू वेदिकेला पत्र लिही. माझ्या लहानपणच्या फजित्या लिही, रेड्यावरून पडलो तीही. थोडे वाढवून लिहिलेस तरी चालेल. मी वाचणार नाही.

आणखी एक ता. क. : हे टेबलावर ठेवून मी पाकीट आणायला गेलो होतो. परत येतो तो वेदिका भिंतीला पाय लावून, आंब्याच्या हातांनी हेच वाचते आहे. तीन ठिकाणी हसली. सौम्याला बोलावून पुन्हा मोठ्याने वाचून दाखवले. डाग तिचे आहेत. रेड्याचे पुढे काय झाले, विचारत होती. मी म्हटले, ते आत्याला ठाऊक. लवकर लिही.