मॅडमवर राज्य

सोम. ८ डिसें.
सरावपाठाचा दुसरा आठवडा. पुरुषोत्तमनगरच्या अलीकडची शाळा, वर्ग पहिली, तास शारीरिक शिक्षणाचा. शिट्टी फुंकली, "रांग करा" म्हटलं. अर्धी पोरं उसाच्या ट्रॅक्टरमागे फाटकापर्यंत गेली. तेवढ्यात विमल नुसती टाळी वाजवत आली न् सगळी तिच्याभोवती! शिट्टी माझ्या गळ्यात, पोरं तिच्या.
डी.एड.ला आम्ही एकाच बेंचवर. लेखी परीक्षेत मी पहिली, ही कशीबशी पास. मग मैदानावर हिचंच राज्य का?

मंगळ. ९
माझं पाठाचं टाचण कॉलेजच्या सरांनी सगळ्यांना दाखवलं. मैदानात उतरले की मात्र नुसती उभी. कधी पळालेच नाही ना! घरी आई: "तुले मास्तरीन व्हनं शे का पहिलवान?" माझ्या शाळेत बाई खेळाच्या तासाला गणितं घ्यायच्या. वि. तिकडे विसरवाडीची, भावांबरोबर हुंदडत वाढलेली. पदर खोचते न् सुटते. मला आधी निऱ्या आठवतात.

गुरु. ११
पकडापकडी. ठरवलं, आज मीही खेळणार. पिंकीवर राज्य होतं. तिने मला चांगला हात लावला. मी थांबले, आता राज्य माझ्यावर म्हणून. ही पुढे पळाली! म्हटलं, "अगं, मी आउट ना?"
"नई ना! मॅडम तर कच्चा लिंबू शे."
बाकीची पण, "हां हां, कच्चा लिंबू!"
रडू नये म्हणून ज्या बारक्याला खेळायला घेतात पण आउट धरत नाहीत, ती मी. वि.वर मात्र सारखं राज्य. तिला ओढतात, "चिटिंग!" म्हणून भांडतात. माझ्याशी कोणी भांडतसुद्धा नाही. असा जळफळाट झाला!

शुक्र. १२
उद्या परीक्षेचा पाठ, सर बघायला येणार. वि. म्हणाली, "मी थांबू का मदतीला?" फटकन "नको" म्हटलं. तिने डबा पुढे केला. खाल्ला. ठेचापण चांगलाच करते, मेली!
मार्कांचं राहू दे. जन्मभर पोरांच्या खेळात लिंबू म्हणून उभं राहायचं? मग गणितच घेत बसेन, माझ्या बाईंसारखी...

शनि. १३
सकाळची शाळा, मरणाची थंडी. निऱ्या गेल्या खड्ड्यात. पदर खोचला, पळाले, आपटले. गुडघा फुटला. पोरं हसली, मीपण. उठून परत पळाले. मागून पिंकीने पाठीत दणका घातला, "मॅडम आउट! मॅडमवर राज्य!" पोरं ओरडत पांगली. सर उभे आहेत हेच मी विसरले, इतकी खूश!
पिंकीला धरायला वळले. ती कुंपणाकडे बघत होती. कुंपणाशी वि. तिने पिंकीला अंगठा दाखवला, छान म्हणून.
सर म्हणाले, "मुलांनी तुम्हाला आपल्यात घेतलं." मान हलवली.
दुपारी बसमध्ये वि. शेजारी. मला आउट करायला तू सांगितलंस का तिला? जिभेवर आलेलं गिळलं. हो म्हणाली असती तर?
"दुखतंय का गं गुडघा?"
"नाही."
सोमवारी वि. बहिणीच्या साखरपुड्याला गावी. पहिलीचा तास मी एकटी घेणार. पिंकीपुढे मुद्दाम हळू पळून बघणार आहे, आपणहून आउट करते का ते.