मांडीवरच्या जांभळ्या रेघा

तळवली

सौरभदादा, जयभीम.

हे तुला पाठवणार नाहीये. रविवारी फोनवर विचारशील तेव्हा 'आई बरी आहे' असंच म्हणेन.

मांडीतली कॅन्सरची गाठ काढल्यावर रेडिएशनसाठी तिथे जांभळ्या रेघा आखल्या होत्या. पुसायच्या नाहीत म्हणून आंघोळीलाही आई तेवढी जागा कोरडी ठेवते.

सोमवारी डॉक्टर मला एकटीला म्हणाले, फुफ्फुसात पसरलंय, आता रेडिएशन बंद. आईला मी सांगितलं, मशीन बिघडलंय.

आज म्हणते, "रेघा फिक्या झाल्या गं. मशीन सुरू झाल्यावर त्यांना जागा कशी सापडायची?"

मी ऑफिसच्या बॅगेतला मार्कर काढला आणि एकेक रेघ गिरवली. मशीनखाली पडायची तशीच आई श्वास रोखून पडून होती.

तुझी,
मैत्री