शिशाच्या ॲप्रनची घडी

दादा, जयभीम.

तुले आजवर एकही पत्र लिहिलं नाही मी. कायले लिहू? तू बाहेरगावी असला की रोज फोन करायचा, अन् मी "भाजी जळून राह्यली, लवकर बोल" म्हणून ठेवून द्यायची. आता फोन येत नाही, तर बसली लिहायले. चौथीपर्यंतचीच अक्षरं आहेत. हसू नको.

लिहायचं कारण तुही भाची. आज सकाळी प्रणाली ढाणकीच्या स्टँडवरून गाडीत बसली. यवतमाळले गाडी बदलून राळेगावले जाईल. उद्या तिथल्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्यांले शिकवेल, किरणांपासून जपायचं कसं ते. तुहंच काम, दादा! एकटी गेली. तुहा शिशाचा ॲप्रन घेऊन गेली. कंडक्टर म्हणे, "या पोत्याचं तिकीट लागेल." मी खालूनच ओरडली, "पोतं नाही ते! तिच्या मामाचा कोट आहे!" नाही लागलं तिकीट.

घरी आली तर दारावरची दांडी रिकामी. बसवेना. म्हणून पेन उचललं.

तू गेल्यावर तुह्या खोलीतलं आवरणं माह्याच वाट्याले आलं. दुसरं होतं कोण? लग्न तू केलं नाही. प्रणालीचा बाप गेला तेव्हा "सुमे, मी आहे" म्हणून माह्या मागच्या खोलीत राहायले आला, तो आलाच. तुहे शर्ट, पँटी, तो भोकाचा स्वेटर, साऱ्याची घडी घालून पेटीत ठेवली. मग तो ॲप्रन. केवढा जड! तरी मी चार पदरी घडी घातलीच असती. गुडघा टेकवून दाबायलेच लागली होती, तर पोरगी धावत आली.

"अगे आई! घडी नको घालू त्याची!"

"काहून? मामा काय आता घालणार आहे?"

"आतलं शिसं चिरते, आई. वरून काही दिसत नाही, अन् चिरेतून किरणं आत येतात. टांगूनच ठेवा लागते."

तिनं जाड गोल दांडी आणली, दारावर बसवली अन् तुले तिथं टांगलं. तुले म्हणजे ॲप्रनले. मले असा राग आला! गेलेल्या माणसाची वस्तू येता-जाता डोळ्यासमोर! पेटीचं झाकण लावलं की माणूस कामाले लागतो. इथं तर लावायलेच मिळेना.

तू काय होता, हे माह्यापेक्षा कोणाले ठाऊक? आधी पिठाच्या गिरणीवर होता. भुवयांपर्यंत पांढरा होऊन घरी यायचा. मग उमरखेडच्या एका डॉक्टरकडं एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायले लागला. मग नागपूरले जाऊन डिप्लोमा केला, टेक्निशियन झाला. अन् पहिल्याच नोकरीत काय दिवे लावले!

छातीवर लावायचा तो बॅज, माणसानं किती किरणं खाल्ली ते मोजणारा. तू तो ॲप्रनलेच अडकवायचा अन् ॲप्रन मशीनजवळ टांगून घरी यायचा. दुसऱ्या पाळीचा माणूस दिवसभर एक्स-रे काढायचा, अन् सारं तुह्या नावावर! वरून रिपोर्ट आला, हा माणूस लई किरणं खाऊन बसला, याले कामावरून बाजूले काढा. आईनं तर जेवण सोडलं. चौकशी झाली तेव्हा कुठं कळलं. "मी घरी जेवून झोपलेला, अन् माहा बॅज तिकडं ड्युटी करून राह्यला होता!" हे तू मरेपर्यंत सांगत राह्यला. जिथं शिकवायले जायचा तिथं आधी गिरणी सांगायचा, मग बॅज. मी म्हणायची, "लाज नाही वाटत काय? साहेब म्हणतेत लोक तुले!" तू नुसता हसायचा. तोंडात तंबाखूचा खर्रा असल्यावर माणूस दुसरं करेल काय!

तुह्या पुण्यानुमोदनाच्या सभेले एका पुढाऱ्यानं माईक धरला अन् म्हणे, आपल्या गावचे थोर शास्त्रज्ञ गेले. प्रणालीनं मान खाली घातली. अन् मी? मले गोड वाटलं, दादा. खोटं कायले बोलू? वाटलं, गिरणी पुसली गेली एकदाची.

तेच डोक्यात बसलं माह्या. नागपूरचे ते सर, ज्यांच्या संस्थेकडून तू शिकवत या जिल्ह्यातली गावं फिरायचा, त्यांनी प्रणालीले बोलावलं. तुह्या जागी कोणी पाहिजे होतं. पोरीजवळ डिप्लोमा आहे, एक्स-रे सेंटरमधला अनुभव आहे, किरणांपासून जपायच्या कामाची परीक्षाही पास झालेली. पण बारावीनंतर उमरखेडात साडीच्या दुकानात उभी राह्यली ते? मी तिले बजावलं, "त्याचं नाव काढू नको. गिऱ्हाइकांपुढं लुगडी पसरवणारी पोरगी डॉक्टर लोकांले काय शिकवणार, म्हणतील. घरीच अभ्यास करत होती म्हण." तिले पटलं नव्हतं. पण माह्यापुढं बोलायची सोय आहे काय कोणाची? सरांनी विचारलं, तर म्हणे, "घरीच होते."

सर म्हणाले, पुसदले या, एका दवाखान्यात शिकवून दाखवा, मग ठरवू. ते जमलं नाही तर तुही जागा दुसऱ्या कोणाले जाणार होती.

मी गेली सोबत. पोरगी सकाळपासून उपाशी, अन् तो ॲप्रन उचलणार कोण? हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसली. पुढं सर, मधात नर्सा, टेक्निशियन, दोन-तीन आयाबाया. प्रणाली पाठ करून आलती. किरणोत्सर्ग, मात्रा, अंतर, आडोसा, काय काय! मी तिची आई असून मले जांभई आली. एक जण मोबाईलमध्ये, एक बाई शेंगा फोडून राह्यली होती. सर खाली पाहत होते. मले समजलं, गेलं हे काम हातचं!

तेवढ्यात कांताबाई नावाची एक आया उठली. "मॅडम, एक विचारू? मी त्या खोलीत फरशी पुसायले जात नाही. मशीन बंद केली तरी किरणं तिथंच राहतेत म्हणतेत सारे. अन् तुमचे मामा हेच शिकवायले यायचे ना इथं? ते यानंच गेले ना?"

दादा, पोरीचे डोळेच भरले. ढाणकीत लोक आडून बोलायचे, किरणांनीच खाल्लं म्हणून. तोंडावर पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. पाठ केलेलं सारं गेलं.

मले बसवलं नाही. उठली तशीच.

"हार्टनं गेला तो! डॉक्टर बोंबलून थकले, खर्रा सोड म्हणून. साऱ्या जिल्ह्याले किरणांपासून वाचवत फिरला, अन् खिशातली पुडी नाही सुटली त्याच्यानं! किरणांचं नाव कायले घेता? अन् तू काय रडून राह्यली वं? दुकानात बोलायची तशी बोल ना यांच्यासंगं!"

सरांनी मागं वळून पाहिलं. "कोणतं दुकान?"

झालं! जीभ चावून काय फायदा? साऱ्या हॉलनं ऐकलेलं.

प्रणालीनं माह्याकडं असं पाहिलं, की मी खालीच बसली. मग ओढणीनं डोळे पुसले अन् म्हणे, "सर, मी तुमच्याशी खोटं बोलले. बारावीनंतर घरी नव्हते. साडीच्या दुकानात होते."

सर म्हणाले, "बोला मग तशा."

काय बोलली पोरगी, दादा! तू पाहिजे होता! तुहा ॲप्रन उचलून हातावर असा टाकला, जसा काउंटरवर शालूचा पदर सोडावा. "या मावशी, जवळ या. हात लावून पाहा. तुमच्या लग्नातला शालू आहे ना? पेटीत घडी करून ठेवलेला?"

कांताबाई म्हणे, "आहे ना."

"मागच्या वेळी काढला तेव्हा पदराची जर कशी होती?"

"घडीवर पार चिरली वं माय! सुनेले द्यायचा होता."

"आमच्या दुकानात आम्ही घडी मोडून दुसऱ्या जागी घालत राहायचो, नाही तर तिथंच जर तुटायची. याच्या पोटातलं शिसंही तसंच आहे. शालूची चीर दिसते तरी, याची दिसत नाही. म्हणून याची घडीच नाही घालायची. टांगायचा."

शेंगावालीनं शेंगा ठेवल्या. एक नर्स म्हणे, "अरे बापा, आमचे तर कपाटात घडी करून आहेत!"

"अन् मावशी, फरशीचं विचारलं ना तुम्ही? घरचा लाइट बंद केल्यावर खोलीत सांडलेला उजेड झाडून काढता काय?" कांताबाई तोंडाले पदर लावून हसली. "तसंच आहे ते. मशीन बंद, किरणं बंद. पुसा बिनधास्त. चालू असताना मात्र कोणी कितीही घाई केली तरी आत जायचं नाही."

मग तिनं तुही बॅजची गोष्ट सांगितली. जशीच्या तशी, गिरणीपासून. "माहा बॅज तिकडं ड्युटी करून राह्यला होता" म्हटलं अन् हॉल हसला. मागच्या रांगेतला एक टेक्निशियन हळूच उठून दाराकडं निघाला. प्रणाली म्हणे, "कुठं चालले भाऊ?"

"बॅज आणतो मॅडम. तिकडंच टांगेल आहे."

दादा, सर सगळ्यात जोरात हसले!

नंतर चहाच्या वेळी मी सरांपुढं उभी राह्यली. म्हटलं, "खोटं बोलायले मी लावलं होतं. पोरीले काही म्हणू नका." ते म्हणाले, "ताई, या कामात कोणीच सरळ वाटेनं येत नाही. मी कॉलेजात मुलांले फिजिक्स शिकवायचो. आमच्याकडं एक जण फौजेतून आलेला आहे, एक बाई आधी नर्स होत्या. जो जिथून येतो तिथलं काही तरी घेऊन येतो, तेच कामाले पडते. तुमचे भाऊ स्वतःची चूक सांगायचे, म्हणून लोक त्यांच्याजवळ आपली सांगायचे. लपवलेली चूक आम्ही कशी सुधारणार?" मग प्रणालीले म्हणाले, "परत खोटं नको. राळेगावले एकटीनं जा."

मले वाटलं होतं तू वेड्यासारखा आपलीच फजिती सांगत फिरतो. हे काहून नाही समजावून सांगितलं मले कधी? सांगितलंही असेल. मीच फोन ठेवला असेल.

एक मात्र ऐकून घे. त्या खर्ऱ्याचं मी तुले माफ करणार नाही. आणखी दहा गावं फिरला असता, पोरीले संगं घेऊन हिंडला असता. एवढी अक्कल दुसऱ्यांले वाटली, थोडी घरी ठेवली असती तर?

जाऊ दे. रागानं नाही लिहून राह्यली. आज कितीक दिवसांनी पोट भरून जेवली मी.

आता वचन देते. देते म्हटलं की देते, तुले माहीत आहे. तो ॲप्रन परत आला की दांडीवरच राहील, पेटीत जाणार नाही. तुले कोणी शास्त्रज्ञ म्हटलं तर मी उभी राहून सांगेन, आधी गिरणीवर होता, मग साहेब झाला. अन् पोरगी बाहेरगावाहून फोन करेल तेव्हा तिचं पुरतं ऐकून घेईन, मधातच ठेवणार नाही.

हे पाहा, वाजून राह्यला फोन. यवतमाळले पोहोचली वाटते. चुलीवर भाजी आहे. जळू दे!

तुही बहीण,
सुमी