पांढऱ्या बटणांखाली

चिमणे,

डबा भरून ओट्यावर ठेवलाय, तो घेतल्याशिवाय शाळेत जायचं नाही. गॅस बंद केलाय, दहादा बघत बसू नकोस.

आज माझी दारू सोडायची गोळी काढू नकोस. मी व्यसनमुक्ती केंद्रात निघालेय, कार्डही नेतेय.

तुला सापडण्याआधी मीच सांगते. शिलाई मशीनजवळच्या डब्यात, पांढऱ्या बटणांखाली, नऊ गोळ्या आहेत, अर्धवट विरघळलेल्या. रोज सकाळी तुझ्यासमोर मी गोळी गालात धरायचे आणि वर पाणी प्यायचे. तू कार्डावर खूण करून शाळेत पळालीस की थुंकायचे. त्या गोळीवर दारू प्यायली की जीव नकोसा होतो; गोळी पोटात असती तर परवा दारूला हात लावायची माझी छातीच झाली नसती.

"मी रोज खूण केली, तरी आई कशी प्यायली?" असं तू आत्याला रडत विचारत होतीस. मी आतल्या खोलीत जागी होते. सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तुझी काही चूक नाही. केंद्रातल्या सिस्टरनी तुला सांगितलं होतं, गोळी घेतल्यावर आईला आ करायला लावायचं. आपल्याच आईला तसं सांगायची तुला लाज वाटायची. मला ते कळत होतं, आणि मी त्याचाच फायदा घेतला.

मला तिथे ठेवून घेतलं तर आत्या येईल. तिच्यावर डाफरू नकोस. घरी पाठवलं तर उद्या सकाळी मला आ करायला लाव. मी चिडेन, नाटकं करीन. रडले तरी आधी तोंड बघ.

आई